अध्यक्षांची खुर्ची रिकामी असू द्या

मराठी विज्ञानकथेला वाचक नाहीत, ही तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तक्रार करणारे बहुधा व्यासपीठावर बसलेले असतात आणि ज्यांना ती ऐकवली जाते ते समोर बसलेले वाचकच असतात. या विसंगतीकडे कुणाचेही लक्ष जाऊ नये याचे नवल वाटते. माझे प्रतिपादन सरळ आहे. मराठी विज्ञानकथेला वाचक आहेत. त्यांना एकत्र बसून बोलायला जागा नाही. त्यांच्या नावाने जी जागा अधूनमधून भरवली जाते ती विज्ञानप्रसाराच्या आणि सत्कारसमारंभाच्या ताब्यात गेलेली आहे. ही गोष्ट निव्वळ कार्यक्रमपत्रिकेपुरती नाही. या साहित्यप्रकाराला मराठीत म्हणावी तशी समीक्षा का लाभली नाही, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तिच्यात दडलेले आहे.

अलीकडेच एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात भरलेल्या एकदिवसीय विज्ञानसाहित्य मेळाव्याला मी गेलो होतो. साठेक माणसे असतील. त्यांतली निम्मी मुले हजेरीपटासाठी बसवलेली. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह असा क्रम पाच वेळा झाला. पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्यांनी पाहुण्यांच्या पदव्या व पदे सांगितली. कथा एकही सांगितली नाही. उद्घाटकांनी अंधश्रद्धेवर भाषण केले, बीजभाषण करणाऱ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर, आणि अध्यक्षांनी दोघांचा गोषवारा सांगून विज्ञाननिष्ठ समाजाची आवश्यकता प्रतिपादन केली. ‘विज्ञानकथा : स्वरूप आणि आव्हाने’ हा परिसंवाद जेवणानंतर उरलेल्या पाऊण तासात उरकण्यात आला. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द झाली. आभारप्रदर्शनाला मात्र वेळ होता. दिवसभरात व्यासपीठावरून एकाही कथेतील एकाही पात्राचे नाव उच्चारले गेले नाही, हे मी मुद्दाम लक्ष ठेवून नोंदवले आहे.

या मेळाव्याचे नाव मी सांगत नाही, कारण दोष त्याचा एकट्याचा नाही. गाव बदला, महाविद्यालय बदला, पत्रिका हीच राहील.

गंमत अशी की, या साऱ्या थाटाची यथेच्छ टिंगल आपल्याच एका विज्ञानकथेत केलेली आहे. जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांची आणि पानिपताची कथा बहुतेकांना ठाऊक असेल. इतिहासाचे हे प्राध्यापक एका अपघाताने अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात या कथेचे जे रूप आहे, त्यात गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या एका सभेत शिरतात. पाहतात तो व्याख्यान चालू आहे आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी! शेकडो सभांच्या अध्यक्षपदाची सवय जडलेल्या पंतांना हे साहवत नाही. ते जाऊन खुर्चीवर बसतात आणि बोलायला उभे राहतात. लोक खवळतात. अध्यक्षीय समारोप, लांबलचक परिचय, आभारप्रदर्शन यांना आपण कंटाळलो होतो आणि ती प्रथा आपल्याकडे केव्हाच बंद झाली आहे, असे ते सुनावतात. पंत तरीही बोलत राहतात, तेव्हा अंडी आणि टोमॅटो यांचा मारा सुरू होतो. पंतांना तिथून बाहेर पडायला अखेर तो जमावच कारणीभूत होतो.

या प्रसंगाकडे आपण केवळ विनोद म्हणून पाहतो. मला तो त्या पर्यायी जगाच्या रचनेतला महत्त्वाचा धागा वाटतो. लढाई जिंकलेल्या, आत्मविश्वास न गमावलेल्या समाजाची खूण म्हणून लेखकाने काय दाखवले? श्रोत्यांना अध्यक्षांची गरज उरलेली नाही, हे दाखवले. ज्या लेखकाने हे लिहिले त्याच्या नावाने आपण आज मेळावे भरवतो आणि त्यांत पहिली खुर्ची मांडतो ती अध्यक्षांची.

आता विरुद्ध पक्ष त्याच्या सर्व बळानिशी मांडला पाहिजे. मराठीत विज्ञानकथा उभी राहिली ती विज्ञानप्रसाराच्या आधारानेच, असे तो पक्ष म्हणतो आणि ते खरे आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली नसती तर कदाचित पुढचा इतिहास वेगळा झाला असता. १९७४ साली त्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित गृहस्थांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेणारे लेखक म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूरही त्यांनी पत्नीकडून लिहून घेतला होता. परिषदेचे, आणि लोकांना विज्ञान समजावून सांगण्याची तळमळ असलेल्या वैज्ञानिकांचे, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु या घटनेचा अर्थ आपण कोणता घेतला? आपण घेतला तो असा की, एका थोर शास्त्रज्ञाने मराठीत कथा लिहून विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. घटना नेमके उलट सांगते. लेखकाने आपली प्रतिष्ठा दाराबाहेर ठेवली होती. परीक्षकांसमोर जगताप नावाच्या कुणा अनोळखी माणसाचा मजकूर होता आणि तो मजकूर म्हणूनच निवडला गेला. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली, ती नवे साहित्य म्हणून. म्हणजे प्रारंभी दोन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या : नावावाचून वाचन आणि साहित्याच्या अंगाने स्वागत. नंतरच्या पन्नास वर्षांत आपण दोन्ही सोडल्या. विज्ञानकथालेखकाचा परिचय त्याच्या शास्त्रीय पदवीपासून सुरू होऊ लागला, आणि त्याच्या कथेला विचारायचा पहिला व बहुतेकदा शेवटचा प्रश्न ठरला : यातले विज्ञान बरोबर आहे काय?

हा प्रश्न गैर नाही, अपुरा आहे. एच. जी. वेल्सच्या १८९५ मधील ‘द टाइम मशीन’ या कादंबरीतले यंत्र कसे चालते, याचा पत्ता तीतून कुणालाच लागत नाही. तरी ती वाचली जाते, कारण जमिनीवरचे नाजूक एलॉय आणि जमिनीखालचे मॉरलॉक यांच्या रूपाने वर्गविभागणीचे टोक तीत दिसते. विज्ञानाच्या परीक्षकाने तिला नापास केले असते. नारळीकरांनी स्वतः विज्ञानप्रसार हा आपल्या कथालेखनाचा एक हेतू असल्याचे कधी लपवले नाही. लेखकाला हेतू असू शकतो. वाचकावर तो बंधनकारक नसतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. केशवसुतांपासून मर्ढेकरांपर्यंत कोणत्याही लेखकाला आपण हा नियम लावतो. मग विज्ञानकथेलाच सूट का?

त्या मेळाव्यातलीच एक गोष्ट सांगतो. दुपारच्या चहाला, सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात, सात-आठ जण उभे होते. विषय निघाला ‘वामन परत न आला’ या नारळीकरांच्या कादंबरीचा. उत्खननात सापडलेली एका प्राचीन प्रगत संस्कृतीची ठेव, तिच्यातल्या सूचनांवरून घडवलेला वामन हा यंत्रमानव, आणि त्याच्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण झाले तर माणसाचे काय होईल हा धोका, असे तिचे सूत्र. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, “वामन परत आला नाही, मग बळी परत आला का? आमच्याकडे पाडव्याला इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो, असंच म्हणतात.” क्षणभर कुणी बोलले नाही. मग तृतीय वर्षाचा एक मुलगा म्हणाला, “पण मॅडम, इथे नाव वामन यासाठी असेल, की तो मागतो तीन पावलं आणि व्यापतो सगळं. यंत्राचंही तसंच होतं.” बाई म्हणाल्या, “असेल. पण मग बळी कोण? आपण सगळे?” एवढ्यात स्वयंसेवक आले आणि सगळ्यांना आत नेऊन बसवले, कारण प्रमुख पाहुण्यांना गाडी गाठायची होती.

त्या दोन-तीन वाक्यांत या कादंबरीच्या समीक्षेचा एक संपूर्ण कार्यक्रम आहे, असे मला वाटते. वामन हा पुराणात देवाचा अवतार. महात्मा फुल्यांच्या १८७३ मधील ‘गुलामगिरी’त तोच बळीराजाचे राज्य हिरावणारा आक्रमक. लोकस्मृतीत बळी हा रयतेचा राजा. आता एक मराठी कादंबरी मानवजातीला धोका ठरणाऱ्या यंत्राला वामन म्हणते आणि तो परत न आल्याचा सुस्कारा शीर्षकातच टाकते, तेव्हा ती यांपैकी कोणत्या परंपरेत उभी आहे? लेखकाला ती जाणीव होती की नव्हती? नसल्यास नावाने कथेत आणखी काय ओढून आणले? यंत्रमानवाची तांत्रिक शक्याशक्यता तपासून यांतल्या एकाही प्रश्नाला हात लागत नाही. हे प्रश्न व्यासपीठावर आले नाहीत. ते व्हरांड्यात आले, कारण तिथे कुणी अध्यक्ष नव्हता.

जगात इतरत्र हा व्हरांडा हेच सभागृह झाले, आणि त्याला फार मोठी साधनसामग्री लागली नाही. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स शहरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या दिवाणखान्यात विज्ञानकथांचे पंधरा-वीस वाचक जमले. विज्ञानकथेचे पहिले संमेलन म्हणून या बैठकीचे नाव घेतले जाते. फिलाडेल्फियात १९३६ साली झालेली भेट आधीची, असा दावाही आहे. जमलेल्यांत आर्थर क्लार्क नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण होता. वॉल्टर गिलिंग्ज होते, टेड कार्नेल होते. ही सारी पदरमोड करून आलेली वाचक मंडळी. आपल्याला काय वाचायला आवडते, ते इंग्लंडात का छापले जात नाही आणि त्यासाठी काय करता येईल, याची चर्चा त्यांनी केली. पुढे कार्नेल ‘न्यू वर्ल्ड्स’ या मासिकाचे संपादक झाले, आणि १९५६ साली जे. जी. बॅलर्डच्या पहिल्या कथा त्यांनीच छापल्या. लीड्समधल्या त्या दुपारपासून बॅलर्डपर्यंतचे अंतर वीस वर्षांचे आहे.

समीक्षेचेही तसेच. अमेरिकेत डेमन नाइट आणि जेम्स ब्लिश यांनी विज्ञानकथांची जी निर्दय, तपशीलवार परीक्षणे लिहिली, त्यांतली बरीचशी वाचकांनीच घरगुती छपाईवर काढलेल्या नियतकालिकांसाठी होती. नाइट यांचे ‘इन सर्च ऑफ वंडर’ १९५६ मध्ये आणि ब्लिश यांचे ‘द इश्यू अ‍ॅट हँड’ १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आले. वाक्यरचना ढिसाळ आहे, पात्र कागदी आहे, कथानकाला भोक पडले आहे, असे ही मंडळी आपल्या मित्रांच्या कथांबद्दल छापून सांगत आणि पुढच्या संमेलनात त्याच मित्रांच्या शेजारी बसत. विद्यापीठे त्यानंतर जागी झाली. ‘एक्स्ट्रापोलेशन’ हे नियतकालिक १९५९ चे, ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ १९७३ चे, आणि डार्को सुविन यांचा ‘मेटामॉर्फसिस ऑफ सायन्स फिक्शन’ हा सिद्धान्तग्रंथ १९७९ चा. ओळखीच्या जगाला परके करून दाखवणारे, पण तर्काचे बोट न सोडणारे साहित्य, अशी विज्ञानकथेची जी व्याख्या सुविन करतात ती आज वर्गात शिकवली जाते. ती शिकवता यावी इतके साहित्य आणि इतका वाद आधी वाचकांनी साचवून ठेवला होता.

हे सारे गोऱ्यांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांसाठी कलकत्त्याचे उदाहरण देतो. तिथे अद्रीश वर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले आणि १९६६ मध्ये वाचक-प्रेक्षकांचा एक सायन्स फिक्शन सिने क्लब स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते आणि प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष. अध्यक्ष होता, हे खरे. पण एकत्र बसून चित्रपट पाहणे हे त्या अध्यक्षाचे काम होते. बंगालीत या साहित्याला रूढ झालेला शब्दही पाहण्यासारखा आहे : कल्पविज्ञान. त्यात कल्पना आधी येते. आपल्या शब्दात विज्ञान आधी आणि कथा मागाहून, आणि आपल्या मेळाव्यांतही तोच क्रम पाळला जातो.

अर्थात वाचकांची संमेलने ही काही नंदनवने नव्हेत. न्यूयॉर्कला जुलै १९३९ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक संमेलनात, ज्याला सुमारे दोनशे माणसे होती, सहा तरुणांना दारातूनच परत पाठवण्यात आले. फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लूथ त्यांत होते आणि भांडणाला राजकीय मतांची किनार होती. बॅलर्ड १९५७ च्या लंडनच्या संमेलनाला गेले आणि निराश होऊन परतले. २०२३ मध्ये चेंगडूच्या जागतिक संमेलनात ह्यूगो पुरस्काराच्या मतमोजणीत आर. एफ. क्वांग यांच्या ‘बॅबेल’सह काही नावे स्पष्टीकरणाशिवाय अपात्र ठरवली गेली, आणि राजकीय अडचण होऊ नये म्हणून संयोजकांनी लेखकांची माहिती गोळा केली होती, हे २०२४ च्या आरंभी बाहेर आलेल्या पत्रव्यवहारातून उघड झाले. पण लक्षात घ्या, हे उघडकीला आणले वाचकांनी. आकडे पडताळून, एकमेकांना विचारून, छापून. ज्याला आपण या जागेचे धनी आहोत असे वाटते तोच हिशेब मागतो. शाल पांघरून घेणारा मागत नाही, आणि हजेरीपटावरचा तर नाहीच नाही.

आणि आपल्या परंपरेला तरी हे कुठे नवे आहे? ग्रंथकारांच्या सभेला १८८५ साली फुल्यांनी पाठवलेले नकाराचे पत्र हा मराठी समीक्षेचा एक मूलभूत दस्तऐवज आहे, असे आपणच शिकवतो. पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढणाऱ्या कवींनी कुणाच्या अनुदानाची वाट पाहिली नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा आपल्या साहित्याचे निकष आपण मांडू, असा त्याचा अर्थ होता. या चळवळींची सामाजिक निकड विज्ञानकथेला नाही, हे मला मान्य आहे. ही तुलना प्रतिष्ठेची नाही, पद्धतीची आहे. साहित्यातल्या प्रत्येक नव्या प्रवाहाने मराठीत आधी आपली छोटी जागा निर्माण केली, तिथे कडाडून भांडण केले आणि मग अभ्यासक्रम त्याच्याकडे वळला. विज्ञानकथेला जागा आयती मिळाली, म्हणून ती कधी तिची झालीच नाही.

त्याची किंमत कोणी मोजली? लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके, अरुण मांडे यांच्या पिढीने विपुल लिहिले. दिवाळी अंकांनी ते छापले. पण या लेखकांमध्ये परस्परभेद काय आहेत, कुणाची भाषा कुठे चालते आणि कुठे अडखळते, कुणाच्या कथेतली स्त्री अजूनही प्रयोगशाळेच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी आहे, यावर वाद झालेला तुम्हाला आठवतो का? या सर्वांची नावे आपण एका दमात घेतो, जशी मी आत्ता घेतली. एका दमात नावे घ्यावी लागणे हे समीक्षा न झाल्याचे लक्षण आहे. नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. प्रकृतीमुळे त्यांना तिथे येता आले नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतरच्या श्रद्धांजल्यांत खगोलशास्त्रज्ञ भरपूर होता, विज्ञानप्रसारक होता, सज्जन माणूस होता. कथाकार एका वाक्यात आटोपला. सर्वोच्च खुर्ची मिळाली, वाचन राहून गेले.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना माझे सांगणे आहे. विज्ञान विभागाने बोलावण्याची वाट पाहू नका. एक वर्ग घ्या, वीस माणसे जमवा, त्यांत निम्मी महाविद्यालयाबाहेरची असू द्या : ग्रंथालयात येणारे निवृत्त, रसायनाच्या कारखान्यात पाळी करणारे, दिवाळी अंक साठवणारे. प्रत्येकाने चहापुरती वर्गणी द्यावी, म्हणजे कुणाचे आभार मानावे लागणार नाहीत. एकच कथा आधी सर्वांनी वाचून यायची. लेखक आला तर त्यानेही वर्गणी द्यायची आणि पहिला तासभर ऐकायचे. एखादी अप्रकाशित कथा लेखकाचे नाव झाकून वाचा आणि मगच नाव सांगा. १९७४ साली हे जमले होते, आजही जमेल. झालेला वाद दोघा विद्यार्थ्यांनी लिहून काढावा, त्याच्या प्रती कराव्यात आणि पुढच्या बैठकीत त्यावर पुन्हा भांडावे. कुणाला कथेतले विज्ञान तपासायचे असेल तर खुशाल तपासू द्या, पण त्याच्यानंतर भाषा तपासणाऱ्यालाही तेवढाच वेळ द्या.

यातून थोर साहित्य निर्माण होईल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण पाच वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला विज्ञानकथेवर प्रबंध लिहायचा झाला, तर आज त्याच्या हाती फक्त सत्कारांच्या बातम्या लागतात. तेव्हा निदान वीस माणसांचे एक जिवंत भांडण तरी लागेल. ती बैठक भरवाल तेव्हा पुढची खुर्ची सवयीने मांडली जाईल. मांडू द्या. फक्त तिच्यावर कुणाला बसवू नका.